ट्रकचालकाची झोप आणि मालकाचे घड्याळ

खामगाव हे कापसाचे आणि चांदीचे गाव. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे लवकर रवाना व्हावा म्हणून १८७० मध्येच जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. आज मात्र कापसाच्या गाठी, सरकी, ढेप, धान्य, औद्योगिक वसाहतीतला माल असे बहुतेक सारे ट्रकने जाते. गुजरातमधील हजिरा येथून निघणारा आणि धुळे, जळगाव, मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, अमरावती, नागपूर असा ओडिशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (जुना क्रमांक ६, आताचा ५३) म्हणजे या भागाची धमनीच आहे. रात्रभर या रस्त्यावर मालट्रकांची रांग तुटत नाही.

या ट्रकांच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, ‘सकाळपर्यंत गाडी पोचली पाहिजे.’ कधी गाडीमालक सांगतो, कधी ट्रान्सपोर्टवाला, कधी माल मागवणारा व्यापारी. उशीर झाला की भाड्यातून कपात, भत्त्यातून कपात किंवा पुढची खेप दुसऱ्याला. हा विषय वाहतूक व्यवसायाचा वाटतो. पण त्याची किंमत माणसाच्या मेंदूला, हृदयाला, मूत्रपिंडाला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला मोजावी लागते. म्हणून तो आरोग्याचाही विषय आहे.

बुलढाणा जिल्ह्याने याची झळ सोसली आहे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. वेळ होती मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराची. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गालगत झोपलेल्या मजुरांवर ट्रक गेला, तो पहाटे साडेपाचच्या सुमारास. प्रत्येक अपघाताचे नेमके कारण ठरवणे तपास यंत्रणेचे काम आहे. पण मध्यरात्र ते पहाट ही वेळ शरीरशास्त्राच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तिचा विचार करण्याआधी एका खेपेचा हिशेब मांडून पाहू.

एका खेपेचा हिशेब

समजा, खामगावहून भिवंडीला माल न्यायचा आहे. मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक या मार्गाने अंतर सुमारे ५०० किलोमीटर. चालक सकाळी सहाला उठला. दहा वाजता गाडी लोडिंगला लावली. नंबर लागला दुपारी तीनला. माल भरणे, ताडपत्री-दोर बांधणे, वजनकाटा, बिल्टी हे सारे उरकून गाडी निघाली संध्याकाळी सहाला. सकाळी सातला माल पोचवायचा आहे, म्हणजे हातात तेरा तास.

भरलेल्या ट्रकची सरासरी, घाट, गावे, टोलनाके धरून ताशी ४० किलोमीटर मानली तर ५०० किलोमीटरला साडेबारा तास लागतात. उरला अर्धा तास. त्यात जेवण, चहा, लघवी, टायरची हवा आणि एखादी किरकोळ दुरुस्ती. झोपेच्या रकान्यात शून्य.

आता याच हिशेबात चालकाचे जागरण मोजू. रात्री अकरा वाजता, म्हणजे गाडी एरंडोल-पारोळ्याच्या पुढेमागे असताना, त्याला जागे होऊन सतरा तास झालेले असतात. अडीच-तीनच्या सुमारास, मालेगाव-चांदवड टप्प्यातल्या राहुड घाटाजवळ, वीस-एकवीस तास. सकाळी सहाला, कसारा घाट उतरून शहापूरच्या आसपास पोचेपर्यंत, पूर्ण चोवीस तास. त्यानंतर मुंबई-ठाण्याची सकाळची गर्दी सुरू होते आणि हा माणूस तिच्यातून पंधरा-वीस टनांचे वाहन चालवत असतो.

शरीराचे घड्याळ

माणसाच्या मेंदूत झोप ठरवणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. पहिली म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. जितके तास जागरण, तितका साठा जास्त आणि तितकी झोपेची ओढ जास्त. झोप घेतली की हा साठा निचरतो. दुसरी म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून मेंदूतला एक लहानसा पेशीसमूह दिवस-रात्र ओळखतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान उतरू लागते आणि सावधपणा कमी होतो. रात्री साधारण दोन ते पहाटे सहा या काळात ही ओहोटी सर्वांत खोल असते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान एक लहान ओहोटी येते. ती केवळ जेवणामुळे येत नाही.

रात्री खेप करणाऱ्या चालकाच्या बाबतीत पहाटे तीनला या दोन्ही यंत्रणा एकाच वेळी विरोधात जातात. जागरणाचा दाब शिगेला पोचलेला आणि घड्याळ तळाला गेलेले. ‘मला सवय आहे’ असे अनेक चालक सांगतात. सवय होते ती झोपेची जाणीव दडपण्याची. मेंदूची प्रतिक्रिया मोजली तर ती मंदावलेलीच आढळते. उलट सलग काही दिवस पाच-सहा तासांचीच झोप मिळालेल्या माणसाला आपली कामगिरी किती घसरली आहे हेच कळेनासे होते.

न पिता चढणारी नशा

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक साधी तुलना केली. काही जणांना जागे ठेवून आणि त्याच व्यक्तींना वेगळ्या दिवशी मद्य देऊन हात-डोळ्यांचा मेळ तपासला. सुमारे सतरा तासांच्या जागरणानंतर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरली. चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. नंतरच्या अभ्यासांतही असाच कल दिसला.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले की तो गुन्हा ठरतो. टक्क्यांत सांगायचे तर ०.०३. म्हणजे आपल्या उदाहरणातला चालक रात्री अकरालाच या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत पोचलेला असतो आणि सकाळी सहाला तिच्या तिपटीच्या वर. पोलिसांच्या तपासणी यंत्रात फुंकर मारायला लावली तर मात्र आकडा शून्य येईल. जागरण मोजणारे यंत्र नाक्यावर नसते. दारू पिऊन गाडी चालवायला कोणताही मालक उघडपणे सांगणार नाही. पण ‘रात्रीतून गाडी काढ’ हे सांगताना त्याच्या मनाला काही वाटत नाही.

डोळे उघडे, मेंदू बंद

थकलेला मेंदू परवानगी न विचारता काही सेकंद झोपून घेतो. याला इंग्रजीत मायक्रोस्लीप म्हणतात, आपण क्षणडुलकी म्हणू. ती एक-दोन सेकंदांपासून दहा-पंधरा सेकंदांपर्यंत असू शकते. कधी डोळे अर्धे उघडे राहतात. त्या क्षणी माणूस बघत असतो, पण त्याला दिसत नसते. अनेकदा डुलकी येऊन गेली हेही कळत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक एका सेकंदात जवळपास १७ मीटर जातो. चार सेकंदांच्या डुलकीत सुमारे ६७ मीटर, कोणीही चालवत नसल्यासारखा. वेग ८० असेल तर हेच अंतर ८९ मीटर. झोपेमुळे होणाऱ्या अपघातांची एक ओळखण्याजोगी खूण म्हणजे रस्त्यावर ब्रेकचे वळ नसणे. जागा चालक शेवटच्या क्षणी तरी ब्रेक दाबतो किंवा स्टिअरिंग वळवतो. डुलकीत असलेला काहीच करत नाही. म्हणून असे अपघात संख्येने कमी असले तरी जास्त जीवघेणे ठरतात.

सरळ, एकसारखा रस्ता यात भर घालतो. समृद्धीवरील अपघातांनंतर ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वर्तमानपत्रांत बराच आला. वळण नाही, गाव नाही, बदल नाही, अशा रस्त्यावर मेंदूला चालना मिळत नाही आणि तंद्री लागते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तासांत टाकून जागतिक विक्रम झाला. रस्ते असे सुधारत आहेत ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण रस्ता सुधारला की मालक खेपेचा वेळ कमी करतो. चालकाचे शरीर मात्र पूर्वीइतकीच, म्हणजे सात ते आठ तास, झोप मागते.

फसवे उपाय आणि खरे उपाय

झोप आली की चालक काय करतात? काच खाली घेतात, गाणी मोठ्याने लावतात, तोंडावर पाणी मारतात, तंबाखूचा बार भरतात, गुटखा खातात, हिरवी मिरची चावतात. या साऱ्यांचा परिणाम काही मिनिटे टिकतो. मेंदूतला अडेनोसिनचा साठा यातल्या कशानेही कमी होत नाही. काही जण अफूची बोंडे किंवा कुठल्यातरी गोळ्या घेतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. गोळीचा अंमल असेतो माणसाला थकवा जाणवत नाही आणि अंमल उतरला की दबलेली झोप एकदम अंगावर येते, बहुधा गाडी चालू असतानाच. अशा पदार्थांनी हृदयाचे ठोके बिघडतात आणि व्यसन जडते ते वेगळेच.

चहा-कॉफीतले कॅफिन थोडा वेळ उपयोगी पडते. ते मेंदूत अडेनोसिनची जागा अडवून बसते, त्यामुळे झोपेचा निरोप पोचत नाही. पण त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि साठा तसाच राहतो. याचा चांगला उपयोग असा : गाडी सुरक्षित जागी, ढाब्याच्या किंवा पेट्रोलपंपाच्या आवारात लावावी, एक कडक चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हावे. जाग येईपर्यंत कॅफिनही काम सुरू करते. उठल्यावर मात्र लगेच गाडी सुरू करू नये. झोपेची गुंगी पूर्ण उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात टायर तपासावेत, तोंड धुवावे, थोडे चालावे.

एवढे करूनही एक-दोन तासच मिळतात. वीस मिनिटांची डुलकी रात्रीच्या झोपेची जागा घेऊ शकत नाही. रात्री निघायचेच असेल तर त्याआधी दुपारी दोन तास तरी झोप हवी. आपल्या उदाहरणातला चालक ते तास कारखान्याच्या दारात नंबर लागण्याची वाट बघत बसलेला असतो.

पोट, पाणी, पाठ आणि रक्तदाब

अपघात हा घाईचा सर्वांना दिसणारा परिणाम. न दिसणारे परिणाम वर्षानुवर्षे साठत जातात आणि चाळिशीत एकदम बाहेर येतात.

गाडी थांबवावी लागू नये म्हणून चालक पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, इंजिनाशेजारच्या केबिनमध्ये त्याहून जास्त तापते. घाम खूप आणि पाणी थोडे, त्यामुळे लघवी घट्ट होते, मुतखडा होतो, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. दीर्घकाळ असेच चालले तर मूत्रपिंडावर ताण येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांत वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. तरी रस्त्यावरच्या जुन्या गाड्या पुढची बरीच वर्षे धावत राहणार.

जेवणाच्या वेळा ठरलेल्या नसतात. दिवसभर चहा-बिस्किटे आणि रात्री ढाब्यावर पोटभर तेलकट जेवण. त्यात बैठे काम आणि अपुरी झोप. झोप कमी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो. वजन, साखर आणि रक्तदाब तिन्ही चढतात. ‘वेळेत पोचायचे आहे’ हा ताण तासन्‌तास राहिला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढलेलीच राहतात. रक्तदाबाला आणि हृदयाला ते मानवत नाही. सततच्या हादऱ्यांनी कंबरेच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजतात. कोंडून बसल्याने आणि पाणी कमी पडल्याने बद्धकोष्ठ आणि मूळव्याध जडते. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणे आले तर ते अंगावर काढू नये.

औषधांच्या बाबतीतही खबरदारी हवी. सर्दी-खाज यांवरच्या अनेक साध्या गोळ्यांनी झोप येते. दुकानातून गोळी घेताना किंवा डॉक्टरांना दाखवताना ‘मी ट्रक चालवतो’ एवढे सांगितले तर कमी झोप आणणारी गोळी देता येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणे. केबिनमध्ये साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी, आणि अशी लक्षणे जाणवताच गाडी बाजूला घ्यावी.

घोरणे ही गाढ झोपेची खूण नव्हे

‘गाडीत पडल्या पडल्या घोरतो, म्हणजे झोप छान लागते’ हा समज चुकीचा आहे. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दचकून पुन्हा सुरू होणे याला निद्राश्वसनरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया म्हणतात. जाड मान, वाढलेले वजन आणि उच्च रक्तदाब असणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत तो जास्त आढळतो. रात्रीत अनेकदा श्वास अडल्याने मेंदू पुन्हा पुन्हा जागा होतो. माणूस आठ तास पडून राहिला तरी सकाळी डोके जड आणि दिवसा पेंग. अशा चालकाचा अपघाताचा धोका कितीतरी वाढतो आणि उपचाराने तो कमी होतो. वजन घटवणे, मद्य टाळणे, कुशीवर झोपणे आणि गरज असेल तर हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र हे त्यावरचे उपाय आहेत. घोरण्याची खरी साक्षीदार घरची मंडळी असतात. पत्नीने किंवा भावाने ‘श्वास मध्येच थांबतो’ असे सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

वेळ जातो कुठे?

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. एक-दोन गाड्यांचा मालक स्वतःच कर्जाच्या हप्त्याखाली असतो. ट्रान्सपोर्टवाला त्याला वेळ ठरवून देतो, ट्रान्सपोर्टवाल्याला कंपनी ठरवून देते आणि कंपनी गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसलेली असते. घाई अशी वरून खाली घरंगळत येते आणि शेवटी स्टिअरिंगवर थांबते. त्या जागेवरचा माणूस ती आणखी खाली ढकलू शकत नाही. त्याच्या हातात फक्त स्वतःची झोप उरते.

वरच्या खेपेकडे पुन्हा पाहा. चालकाचे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असे आठ तास लोडिंगच्या जागी गेले. हाच वेळ दोन तासांवर आला असता तर गाडी दुपारी बारालाच निघाली असती आणि वाटेत सहा तासांची झोप काढूनही वेळेत भिवंडी गाठता आली असती. आहे त्या परिस्थितीतही चालक रात्री अकरा ते पहाटे पाच झोपला, तर गाडी सातऐवजी दुपारी एकच्या सुमारास पोचते. साऱ्या धोक्याचे मोल केवळ सहा तास आहे.

वेग वाढवून हे सहा तास भरून निघत नाहीत. सरासरी ४० वरून ४५ करायची तर मोकळा रस्ता दिसेल तिथे गाडी दामटावी लागते, आणि ५०० किलोमीटरमध्ये वाचतो दीड तासाहून कमी वेळ. उलट ताशी ६० चा वेग ८० केला की धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते.

कागदपत्रांची मुदतही तेरा तासांची नसते. मालासोबतच्या ई-वे बिलाला साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. ५०० किलोमीटरला तीन दिवस झाले. वाटेत अडचण आली तर मुदत वाढवून घेता येते. म्हणजे सरकारी कागद तीन दिवस द्यायला तयार आहे आणि शेठ एक रात्रही द्यायला तयार नाही.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

रेल्वेच्या चालकाची ड्युटी संपली की त्याला रनिंग रूममध्ये विश्रांती मिळते. वैमानिकाच्या उड्डाणाच्या तासांवर मर्यादा आहे. ट्रकचालकासाठीही नियम आहेत. ते कोणी सांगत नाही इतकेच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. लांबच्या पल्ल्यासाठी ती दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येते. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची विश्रांती हेही त्यात होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ याच मर्यादेकडे बोट दाखवते. पुढे १९६१ चा हा कायदा व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावून घेण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चालकांच्या कामाच्या तासांचे नियम प्रत्यक्षात पाळले जावेत यासाठी निर्देश दिले.

त्याहून महत्त्वाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे. वेगमर्यादा ओलांडणारा चालक तर दोषी आहेच, पण आपल्या नोकराला तसे करायला लावणाराही दोषी आहे. याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट म्हटले आहे की, अमुक वेळेत प्रवास पुरा करा असा आदेश दिला आणि वेगमर्यादा पाळून तो पुरा होणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर तो आदेश हाच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. ‘सातला पोचलाच पाहिजेस’ हा मोबाइलवरचा संदेश म्हणजे केवळ धाक नसून उद्या पुरावा ठरू शकतो. हे चालकाला माहीत हवे आणि मालकालाही.

युरोपीय संघाचे २००६ चे नियम आणखी पुढे जातात. तिथे साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला साधारण नऊ तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा लवकर पोचवण्यावर मोबदला देण्यास मनाई आहे. माल पाठवणाऱ्यानेही वेळापत्रक या नियमांत बसेल असेच ठरवायचे असते. ऑस्ट्रेलियातही माल भरणाऱ्यापासून मागवणाऱ्यापर्यंतच्या साखळीवर जबाबदारी टाकलेली आहे.

आपल्याकडची स्थिती सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत दिसली. दहा शहरांतील बाराशेहून अधिक चालकांशी बोलल्यावर सुमारे निम्म्या जणांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवतो असे कबूल केले. आपल्या घरच्याला या धंद्यात आणणार नाही, असे सांगणारे ८४ टक्के होते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यात पादचारी आहेत, दुचाकीस्वार आहेत आणि ट्रकचालकही आहेत.

काय करता येईल?

चालकांनी : निघण्याआधी गेल्या चोवीस तासांत किती झोप झाली ते मोजावे. पाच तासांहून कमी असेल तर रात्रीची खेप घेऊ नये. वारंवार जांभया, डोळ्यांची आग, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत, गाडी पट्ट्याबाहेर जाते, ही शेवटची सूचना समजावी. त्यानंतर ‘पुढचा ढाबा येऊ दे’ असे म्हणू नये. रात्री दोन ते पाच शक्यतो गाडी उभी ठेवावी, पण रस्त्याच्या कडेला दिवे न लावता कधीच नाही. दर दोन-तीन तासांनी उतरावे, पाणी प्यावे, लघवीला जावे, पाय मोकळे करावेत. उशीर होणार असेल तर लोडिंगला लागलेल्या वेळेसह तसा संदेश मालकाला आधीच पाठवून ठेवावा. नोंद असली की बोलायला आधार राहतो.

मालकांनी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी : वेळ ठरवताना अंतराला ४० ने भागावे, त्यात जेवण-विश्रांतीचा वेळ आणि दहा तासांहून जास्त काम असेल तर रात्रीची पूर्ण झोप मिळवावी. जो आकडा येईल तोच गिऱ्हाइकाला सांगावा. तो चालत नसेल तर दोन चालक द्यावेत. गाडी चालू असताना ‘कुठे पोचला’ म्हणून फोन करू नये. जीपीएसवर गाडी दिसतेच आणि त्या फोनने चालकाचे लक्ष उडते. उशिराचा दंड चालकाच्या पगारातून कापू नये. वर्षातून एकदा चालकाचा रक्तदाब, साखर, डोळे आणि झोप यांची तपासणी करून घ्यावी. एका अपघाताच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे.

कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी : लोडिंगची वेळ आधी कळवावी आणि पाळावी. गेटबाहेर ताटकळणाऱ्या चालकांसाठी सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि आडवे व्हायला जागा असावी. चालकाला दुपारची दोन तासांची झोप तिथेच मिळू शकते.

घरच्यांनी : दोन खेपांच्या मध्ये घरी आलेल्या माणसाला आधी झोपू द्यावे. खोलीत अंधार करावा, मोबाइल दूर ठेवावा. घोरणे, दिवसा पेंगणे, चिडचिड, छातीत दडपण यांपैकी काही दिसले तर दवाखान्यात न्यावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रक्तदाब आणि साखर तपासायला दहा मिनिटे पुरतात.

रस्त्यात अपघात दिसला तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे हटण्याचे कारण नाही.

कापसाची गाठ सकाळी सातऐवजी दुपारी एकला उतरली तर ती नासत नाही. मालकाला आणि व्यापाऱ्याला थोडी गैरसोय होते, एखादा फोन जास्त करावा लागतो. त्या सहा तासांत एक माणूस झोपून उठतो आणि पुढच्या घाटात त्याच्या समोर येणारी बस, दुचाकी आणि कडेने चालणारे लोक सुखरूप घरी जातात. खेपेची वेळ ठरवणाऱ्या प्रत्येकाने फोन उचलण्याआधी ५०० भागिले ४० एवढे गणित एकदा करावे.